मिग-२१ : बासष्ट वर्षांची नोकरी



२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. कॉलेजच्या कँटीनमध्ये आम्ही चौघी पोह्यांच्या प्लेटा घेऊन बसलो होतो. पाण्याच्या जगला मोबाईल टेकवून ठेवला होता आणि त्यावर चंदीगडचा कार्यक्रम चालू होता. भारतीय हवाई दलाची शेवटची मिग-२१ विमानं उतरली, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडाले आणि एकेक इंजिन बंद झालं. माझी रूम-पार्टनर म्हणाली, "चला, गेली एकदाची उडती शवपेटी!" आम्ही सगळ्या हसलो. मीसुद्धा.

शेजारच्या टेबलावर आमच्या वर्कशॉपचे एक काका चहा पीत होते. इथे येण्याआधी ते हवाई दलात होते हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण तिथे नेमकं काय करायचे ते कधी विचारलं नव्हतं. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "काय बोलून राहिल्या बेटा तुम्ही? शवपेटी बनवायला मी तिथं नोकरी नाही केली." अर्धा चहा तसाच सोडून ते उठून गेले.

हा लेख त्या अर्ध्या कप चहामुळे लिहिलाय. मी कॉन्व्हेंटची. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं. पण विषय आपल्या शाखेचा आहे आणि आपल्या महाराष्ट्राचाही आहे, म्हणून तो मराठीतच लिहायचा असं ठरवलं.

आधी विमान काय होतं ते बघू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच जेट विमानं आली आणि युद्धानंतरच्या दहा वर्षांत सगळ्या देशांची शर्यत एकाच गोष्टीची झाली, ती म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेग. सोव्हिएत रशियाच्या मिकोयान-गुरेविच कार्यालयाने यावर फारच साधं उत्तर काढलं. एक लांब नळी, तिच्या तोंडाशी शंकू, आत एक दमदार इंजिन, बाजूला दोन छोटे त्रिकोणी पंख आणि मागे शेपटी. बास. वजन कमी, किंमत कमी, देखभाल सोपी. पहिली नमुना-विमानं १९५५-५६ च्या सुमारास उडाली आणि पुढे जगभरात मिळून अकरा हजारांहून जास्त मिग-२१ बनली. आवाजापेक्षा वेगवान विमानांत एवढी संख्या दुसऱ्या कुणाचीच नाही.

भारताने ते निवडलं १९६२ मध्ये. १९६३ मध्ये चंदीगडला २८ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. आपल्या देशाचं हे पहिलं सुपरसॉनिक लढाऊ विमान. करारात नुसती खरेदी नव्हती, विमान इथे बनवायचा परवाना होता. आणि इथे आपला महाराष्ट्र येतो. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना सुरू झाला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि लोकसभेत नाशिकमधूनच बिनविरोध निवडून गेले होते. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची वाटणी झाली. द्राक्षाच्या बागांच्या शेजारी रिव्हेटच्या गन वाजू लागल्या! आधी एफएल, मग एम, मग बिस असे एकामागून एक प्रकार ओझरमधून शेकड्यांनी बाहेर पडले. नंतर १२५ बिस विमानांना नवीन रडार आणि क्षेपणास्त्रं बसवून 'बायसन' केलं गेलं. तेही काम जवळजवळ सगळं ओझरलाच झालं. म्हणजे ज्याला आपण 'रशियन भंगार' म्हणतो त्यातलं बरंचसं नाशिक जिल्ह्यातल्या फिटर-टर्नरांच्या हातचं आहे.

लढाईतलं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना पाठ असतं. १९७१ च्या युद्धात या विमानाने अमेरिकन बनावटीची एफ-१०४ स्टारफायटर विमानं पाडली. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट मारली ती मिग-२१ नीच. १९९९ च्या ऑगस्टमध्ये कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं गेलं. आणि २७ फेब्रुवारी २०१९ ला अभिनंदन वर्धमान ज्यात होते तेही मिग-२१ बायसनच.

आता मूळ प्रश्न. एवढं चांगलं होतं तर एवढी पडली का?

आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं की रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातात गेली. १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत ४८२ अपघात झाले आणि त्यात १७१ वैमानिक, ३९ सामान्य नागरिक आणि इतर सेवांमधले ८ जण गेले. कारणं दिली होती दोन, मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड. एका ओळीत दोन्ही. यात सगळ्या प्रकारची मिग धरली आहेत, पण मोठा वाटा मिग-२१ चा.

या आकड्यावर दोन तऱ्हेने बोलता येतं. पहिली, विमानाच्या बाजूने. हवाई दल अपघात मोजतं ते दर दहा हजार उड्डाण-तासांमागे. जे विमान सगळ्यात जास्त संख्येने, सगळ्यात जास्त वर्षं उडालं, त्याचे अपघातही संख्येने जास्तच दिसणार. एस.टी.चे अपघात रोल्स रॉइसपेक्षा जास्त असतात, म्हणून एस.टी. वाईट ठरत नाही. शिवाय त्या काळातली सगळीच दुप्पट-वेगाची विमानं अशी होती. मघाशी आलेलं स्टारफायटरच घ्या. पश्चिम जर्मनीने ९१६ घेतली, त्यातली २९२ गमावली आणि ११६ वैमानिक मेले. तिथले लोक त्याला 'विधवा करणारं' म्हणायचे. म्हणजे टोपणनावं ठेवायची खोड फक्त आपल्यालाच नाही.

हे सगळं बरोबर आहे. तरीसुद्धा ज्याचा मुलगा गेला त्याला 'दर दहा हजार तासांमागे' असं उत्तर देता येत नाही. म्हणून दुसऱ्या तऱ्हेनेही बघावं लागतं, की विमानात नेमकं अवघड काय होतं?

थोडं गणित करू, घाबरू नका, सेकंड इयरचंच आहे. मिग-२१ च्या पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी ७.१५ मीटर आणि क्षेत्रफळ साधारण २३ चौरस मीटर. लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ केलं की आस्पेक्ट रेशो येतो २.२. प्रवासी विमानाचा तो ९ च्या आसपास असतो. इतका आखूड, पातळ त्रिकोणी पंख आवाजाच्या दुप्पट वेगाला छान, पण हळू उडायला अगदी वाईट. लिफ्ट हवी तर वेग हवा, कारण लिफ्ट वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. मग उतरताना काय करणार? वेग कमी करताच येत नाही. ताशी ३०० किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने हे विमान जमिनीकडे येतं.

उतरताना वजन साडेसहा टन धरलं आणि वेग ताशी ३००, तर गतिज ऊर्जा येते जवळजवळ २२.५ मेगाज्यूल. पंधरा टनांची भरलेली एस.टी. ताशी ६० ने जात असेल तर तिची ऊर्जा साधारण २.१. म्हणजे अकरा एस.टी. एका माणसाने, एका धावपट्टीवर, काही सेकंदांत थांबवायच्या. नुसत्या ब्रेकने भागत नाही, म्हणून मागून पॅराशूट उघडावं लागतं.

आता यात आपला उन्हाळा घाला. वर्ध्याचा मे महिना कुणाला सांगायला नको, होस्टेलच्या गच्चीवर अनवाणी जाऊन दाखवा. १५ अंशाला हवेची घनता १.२२५ असते, ४५ अंशाला ती १.११ च्या आसपास येते. तेवढीच लिफ्ट मिळवायला वेग ५ टक्क्यांनी वाढवावा लागतो. ३०० चे ३१५ झाले. ऊर्जा दहा टक्क्यांनी वाढली. थंड देशात आखलेलं विमान राजस्थानच्या उन्हात उडवलं की हे रोजचंच. इंजिनलाही पातळ हवा मिळते, म्हणजे त्याचाही जोर कमी.

यावर रशियन इंजिनियरांनी एक युक्ती केली होती. इंजिनच्या कॉम्प्रेसरमधून थोडी हवा काढून ती पंखाच्या मागच्या फ्लॅपवरून जोराने सोडायची, म्हणजे प्रवाह पंखाला चिकटून राहतो आणि कमी वेगातही लिफ्ट टिकते. एम आणि बिसमध्ये ही सोय होती. फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला बाउंडरी लेयर शिकताना मी झोपले होते, आता कळतंय काय हुकलं ते. पण युक्तीची किंमत बघा. उतरताना वैमानिकाने सवयीने थ्रॉटल मागे ओढला तर फुंकणारी हवाही कमी होते आणि लिफ्टही एकदम जाते. म्हणजे चाकं टेकेपर्यंत इंजिनला जोर द्यायचा. इंजिनच बंद पडलं तर दोन्ही गेलं. आणि इंजिन एकच!

हे सगळं शिकून घेता येत नाही असं नाही. हजारो वैमानिकांनी शिकून घेतलं आणि ते या विमानावर जीव टाकतात. पण शिकायचं कशावर?

माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. आपल्याकडचा नवा वैमानिक 'किरण' नावाच्या ट्रेनर जेटवर शिकायचा. चांगलं, मऊ, माफ करणारं विमान. कमाल वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आत. तिथून उठून त्याला बसवायचं दोन हजारांहून जास्त वेगाच्या मिगमध्ये. दोन सीटचं ट्रेनर मिग-२१ होतं, पण त्यात मागे बसलेल्या प्रशिक्षकाला समोरची धावपट्टी नीट दिसायची नाही, म्हणून पेरिस्कोप बसवला होता. पेरिस्कोप! पाणबुडीत असतो तसा. मधली पायरी हवी, म्हणजे ॲडव्हान्स्ड जेट ट्रेनर हवा, अशी शिफारस एअर मार्शल ला फोन्तेन यांच्या समितीने केली. ही समिती १९८२ ची. पुढे १९९७ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या समितीनेही लढाऊ विमानांच्या अपघातांवर अहवाल दिला. ब्रिटनच्या हॉक ट्रेनरचा करार झाला २००४ मध्ये आणि बीदरला तो हवाई दलात दाखल झाला २००८ मध्ये.

१९८२ ते २००८. सव्वीस वर्षं. माझं वय वीस आहे.

तुम्ही टीव्हीवर सूर्यकिरण पथकाच्या कसरती बघितल्या असतील. त्या पथकाचं नावच किरण विमानावरून पडलंय, पण आता ते लाल-पांढऱ्या हॉकवर उडतात. मधली पायरी यायला किती उशीर झाला याची ती रंगीत आठवण आहे, असं मला आता ते बघताना वाटतं.

या सव्वीस वर्षांच्या आत जी नावं आहेत त्यांतलं एक आपल्या मराठी घरातलं. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सुरतगडजवळ त्यांचं मिग-२१ कोसळलं. रात्रीच्या अंधारात वैमानिकाचं दिशाभान गेलं असं कारण पुढे आलं. म्हणजे चूक वैमानिकाची. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. आई कविता गाडगीळ यांनी ते गप्प बसून ऐकून घेतलं नाही. मिग-२१ च्या सुरक्षेबद्दल त्यांनी जाहीरपणे प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते अशा काळात जेव्हा सैन्याला प्रश्न विचारणाऱ्या आईकडेही लोक संशयाने बघायचे. पुढे या आईवडिलांनी मुलाच्या नावाने पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट काढली. कशासाठी? वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी. हे वाचल्यावर मी बराच वेळ काही वाचलं नाही. २००६ चा 'रंग दे बसंती' आपल्यापैकी सगळ्यांनी पाहिलाय, गाणी तर गॅदरिंगला दरवर्षी असतात. त्यातलं मिग आणि त्यातली आई अशा खऱ्या घरांतून आली होती.

'पायलट एरर' या दोन शब्दांवर मला इथे इंजिनियर म्हणून हरकत घ्यायची आहे (अजून झाले नाही, तीन पेपर बाकी आहेत, तरी). समजा वैमानिकाचं दिशाभान खरंच गेलं. का गेलं? कॉकपिटमधली यंत्रं कशी मांडलेली होती? रात्रीच्या उड्डाणाचा सराव किती होता, कुठल्या विमानावर? या सगळ्याची उत्तरं त्या माणसाच्या हातात नव्हती. आमच्या लेथवर कुणाचा हात कापला तर 'मुलाची चूक' म्हणून रजिस्टर बंद करता येतं, किंवा गार्ड का नव्हता हे विचारता येतं.

लेथवरून आठवलं. आमच्या वर्कशॉपमध्ये एक लेथ आहे, माझ्या आईपेक्षा जुना असेल, आणि मस्त चालतो. मग विमान का नाही चालणार? लेथ पडत नाही म्हणून. विमानाचं आयुष्य दोन घड्याळांवर मोजतात, एक उड्डाणाच्या तासांचं आणि एक कॅलेंडरचं. प्रत्येक उड्डाणात पंखाच्या मुळाशी ताण येतो आणि जातो, त्यातून धातूला फटीग येतो. एस-एन कर्व्ह आठवा. उभं राहूनही धातू गंजतो, रबराचे सील कडक होतात, वायरींचं आवरण तडकतं. आयुष्य वाढवता येतं, नाही असं नाही. भाग उघडायचे, डाय पेनिट्रंटने, अल्ट्रासॉनिकने भेगा शोधायच्या, भाग बदलायचे. आपण लॅबमध्ये जी टेस्ट जर्नल पूर्ण करायला करतो, तीच. पण बदलायचे भाग कुठून आणायचे? रशियाने मिग-२१ बनवणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यात थांबवलं आणि १९९१ मध्ये तो देशच फुटला.

विमानं जमिनीवर राहतात ती ज्यांच्यामुळे उडतात, त्या लोकांचं मुख्यालय आपल्यापासून पाऊण-एकशे किलोमीटरवर आहे. नागपूरच्या वायुसेनानगरात हवाई दलाची मेंटेनन्स कमांड आहे. आपल्यातल्या निम्म्या लोकांना ते 'टेकडीवरचं आर्मीचं काहीतरी' एवढंच माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं. काकांना मी नंतर जाऊन भेटले, माफी मागितली. ते हसले आणि मला पानांच्या कपाटाकडे घेऊन गेले. प्रत्येक पान्यामागे त्याच्या आकाराची काळी आकृती रंगवलेली. पाना जागेवर नसला की आकृती दिसते. "विमानाचं झाकण लावायच्या आधी पाने मोजायचे. एक कमी असला तर विमान उडणार नाही, मग कमांडिंग ऑफिसर का उभा असेना." इंजिनमध्ये राहिलेला एक स्क्रूड्रायव्हर काय करू शकतो ते त्यांनी सांगितलं नाही. कॉलेजात आल्यावर ती आकृत्यांची पद्धत त्यांनीच सुरू केली, आणि आम्ही फर्स्ट इयरला असताना त्यावर जोक केले होते.

मग एवढी वर्षं उडवलंच का? कारण त्याच्या जागी यायचं ते आलं नव्हतं. मिग-२१ ची जागा घ्यायला हलकं लढाऊ विमान बनवायचं हे १९८३ मध्ये ठरलं. त्याचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला झालं आणि 'तेजस'ची पहिली स्क्वाड्रन १ जुलै २०१६ ला उभी राहिली. तोवर सीमेवर कुणीतरी उडायलाच हवं होतं. शेवटच्या वर्षांतही किंमत मोजली गेलीच. २८ जुलै २०२२ ला बाडमेरजवळ ट्रेनर मिग-२१ कोसळून दोन्ही वैमानिक गेले. ८ मे २०२३ ला हनुमानगड जिल्ह्यात बायसन एका घरावर पडलं, वैमानिक बाहेर पडला, पण गावातल्या तीन स्त्रिया गेल्या. त्या तिघींचं तर विमानाशी काहीच नातं नव्हतं.

मिग-२१ गेल्यावर हवाई दलाकडे लढाऊ स्क्वाड्रन उरल्या २९. मंजूर आहेत ४२. तेजसच्या पुढच्या आवृत्तीची ८३ विमानं २०२१ मध्येच मागवली होती, पण अमेरिकेहून इंजिन यायला उशीर झाला. चंदीगडच्या निरोपानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ ला, नाशिकला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए ओझरच्या त्याच धावपट्टीवरून उडालं. यालाही त्रिकोणी पंख आहेत आणि इंजिनही एकच. मात्र या वेळी वैमानिक हॉकवर शिकून आलेला असेल.

लेख टाइप झाल्यावर काकांना वाचून दाखवला. एस.टी.च्या हिशोबावर ते खूश झाले. 'मऊ विमान' म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण राहू दे म्हणाले. दुरुस्ती एकच सांगितली. पॅराशूट उघडावं लागतं असं मी लिहिलंय, पण ते प्रत्येक उड्डाणानंतर धावपट्टीवरून उचलून आणून, झटकून, पुन्हा घडी घालून ठेवावं लागतं, ते कोण करतं हे लिहायचं राहिलं म्हणाले.